भुवयांच्या मधोमध

"भुवया," ती पोरगी म्हणाली. "तुम्ही भुवयांकडे बघता. मला माहीत आहे."

गणिताच्या बाई अजून काही बोलल्याच नव्हत्या. 'इकडे ये, तुला एक गंमत सांगते,' एवढंच काय ते तोंडातून बाहेर पडलं होतं, आणि पुढची गंमत पोरीनं त्यांच्या जिभेवरून उचलून समोर मांडली होती. मधली सुट्टी, वर्ग रिकामा, बाकांवर उघडी दप्तरं, खाली मैदानात पोरांचा कल्ला. पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि डब्याचं एक छोटं स्टीलचं झाकण बाकावर उभं धरून टिचकीनं फिरवत होती. या झाकणावरूनच वर्गानं पहिल्या दिवशी तिचं नाव झाकणी पाडलं होतं, चिडवायला म्हणून. पण ती चिडलीच नाही, उलट हाक मारली की लगेच वळायला लागली, तेव्हा पोरांचाच विरस झाला. बाईंच्या बोटांत खडूचे दोन तुकडे झाले. पन्नाशीला टेकलेल्या बाईचं जन्मभराचं बिंग फोडायला एक झाकण फिरवणारी चौथीतली पोरगी पुरली, आणि नवल म्हणजे बिंग फुटल्यावर जी भीती वाटायला हवी ती वाटेचना. वाटलं ते निराळंच. लहानपणी लपाछपीत बाई फार चांगल्या लपायच्या, इतक्या चांगल्या की बाकीची पोरं कंटाळून घरी निघून जायची. आणि तिथं अंधारात, पाय मुडपून बसलेलं असताना, एखाद्या दिवशी एकदम कपाटाचं दार उघडून कुणीतरी 'सापडली!' म्हणून ओरडलं म्हणजे जे वाटायचं, तेच हे होतं. हरल्याचा केवढा तो आनंद.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मोठ्या बाईंशी बोलताना तुमची नजर वर जाऊन अडकते. मी पण करून बघितलं तसं, आधीच्या शाळेत." झाकण डगमगलं, पडलं, तिनं ते पुन्हा उभं केलं. "पण भुवयांकडे बघितलं की ऐकू येत नाही. तुम्हाला येतं?"

बाईंनी खडूचे दोन्ही तुकडे फळ्याच्या कडेला ठेवले.

या शाळेला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. रोज सकाळी वर्गाच्या दारात शिक्षक उभे राहायचे, मुलं रांगेनं यायची, आणि प्रत्येकानं हात मिळवून, डोळ्याला डोळा देऊन, स्पष्ट आवाजात 'सुप्रभात' म्हटलं की मगच आत. ज्याची नजर खाली गेली त्यानं पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं. 'नजर वर, मान ताठ' अशी अक्षरं जिन्याच्या भिंतीवर माणसाएवढी रंगवली होती. दुसऱ्या शाळांतले लोक हे बघायला यायचे आणि 'काय धीट मुलं आहेत हो तुमची' म्हणत परत जायचे. झाकणी रोज रांगेच्या शेवटी जायची, पुन्हा यायची, पुन्हा शेवटी जायची. घंटा झाली की नाइलाजानं तिला आत घेतलं जायचं, आणि ती पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखी बाकावर येऊन बसायची. त्या दारात उभ्या असायच्या त्या गणिताच्या बाईच. आज शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक होती, झाकणीचा बाप येणार होता, आणि तिला ठेवायचं की नाही हे ठरणार होतं. ही तिची चौथी शाळा. "पोरगी गोड आहे हो," मोठ्या बाई काल म्हणाल्या होत्या, "पण आपल्याकडे तिचा निभाव लागेलसं वाटत नाही." बाईंनी रात्रभर विचार केला होता आणि सकाळी ठरवूनच आल्या होत्या, की आपली युक्ती या पोरीला द्यायची. स्वतःचं एकुलतं एक गुपित द्यायचं. एवढ्या उदारपणे कुणाला काही द्यायला निघावं आणि घेणाऱ्यानं म्हणावं, हे माझ्याकडे आहे, बिघडलेलं आहे, तुमचं चालतं का बघा.

युक्ती खरं तर बाईंचीही नव्हती; आत्याची होती. आई लहानपणीच गेलेली, वडील आधी नोकरीच्या फिरतीवर, पुढे समुद्रापलीकडे गेलेले, म्हणून बाई वाढल्या आत्याच्या दोन खोल्यांत, आणि त्यातली पुढची खोली शिवणाची. त्या खोलीइतकी सुखाची जागा बाईंना पुढे कुठंच मिळाली नाही. मशीनची एकसुरी घरघर, कोऱ्या कापडाचा वास, जमिनीवर पडलेल्या चिंध्यांत पाय खुपसून बसायचं. आत्या माप घ्यायची तेव्हा गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे, मनगटाकडे, कमरेकडे बघायची, तोंडाकडे कधीच नाही. आणि गिऱ्हाईकही समोरच्या भिंतीकडे बघत बोलत सुटायचं, नवऱ्याचं, सासूचं, दुखण्याचं, मनातलं सगळं. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्यामुळे आत्याला नुसता हुंकार भरता यायचा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. छोट्या पोरीला मानेपाशी शिवलेली पट्टी टोचायची, शिवणीची कड काट्यासारखी लागायची, तर आत्यानं तिच्या साऱ्या कपड्यांच्या पट्ट्या उसवल्या आणि शिवणी बाहेरच्या अंगाला घेतल्या. शेजारणी हसल्या, पोरीला उलटे कपडे घालतेस होय गं, म्हणाल्या. आत्या टाचण्या काढून म्हणाली, "कपडा माणसाला बसवायचा असतो बाई. माणूस कपड्याला बसवायला लागले, तर कात्री कुणावर चालवू?" मग शाळेतून तक्रार आली. मुलगी नजर चुकवते, म्हणजे एक तर उद्धट आहे नाही तर खोटारडी आहे. त्या संध्याकाळी आत्यानं पोरीला स्टुलावर बसवलं, शिवणाचा निळा खडू घेतला आणि आपल्या दोन भुवयांच्या मधोमध एक ठिपका काढला. "डोळ्यांकडे बघवत नाही ना? नको बघूस. इथं बघ. कुणाला कळत नाही."

आणि खरंच, कुणाला कळलं नाही. परीक्षा झाल्या, मुलाखती झाल्या, नोकरी लागली. समोरच्या प्रत्येक माणसाच्या कपाळावर बाईंना तो निळा ठिपका दिसत राहिला आणि त्या त्याच्याशी इमानानं बोलत राहिल्या. भुवयांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं जगात कुणी नसेल. जाड, विरळ, मध्येच तुटलेल्या, एक वर एक खाली; पालकांना त्या चेहऱ्यावरून नाही, भुवयांवरून ओळखायच्या. यात एकदाच घात झाला. सुट्टीनंतर मोठ्या बाई आपल्या झुपकेदार भुवया कोरून, रेघेएवढ्या बारीक करून शाळेत आल्या, आणि गणिताच्या बाईंनी त्यांना भर व्हरांड्यात थांबवून अदबीनं विचारलं, "आपण कोणाच्या पालक? ऑफिस त्या बाजूला आहे." शिक्षकांच्या खोलीत पुढे कितीतरी दिवस हसण्याला ऊत आला होता. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. तेव्हापासून दोघींमध्ये जे बोलणं व्हायचं ते कामापुरतं.

पण ऐकू येत नाही, म्हणाली ती. घंटा वाजली, मुलं धडाधड जिना चढून आली, झाकणी आपल्या जागी जाऊन बसली, आणि बाई फळ्याकडे वळल्या खऱ्या, पण मन बंदरावर जाऊन पोचलं होतं. वडील निघाले तो दिवस. मोठं लोखंडी फाटक, माणसांची रेटारेटी, आणि वडील एकदम गुडघ्यावर बसले. त्यांनी तिची हनुवटी धरली, 'माझ्याकडे बघ' म्हणाले, आणि मग बोलत राहिले, बराच वेळ. ती शहाण्या मुलीसारखी ठिपक्याकडे बघत राहिली. त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस होता, बाकीच्यांपेक्षा लांब, टोकाला वळलेला. तो बाई आजही कागदावर काढून दाखवतील. बोलले काय, त्यातला एक शब्द त्यांच्यापाशी नव्हता. वडील परत आले नाहीत. आत्यानं विचारलं होतं, काय म्हणाला गं बाबा, तर तिनं 'नीट राहा म्हणाले' असं काहीतरी ठोकून दिलं होतं, आणि पुढं सारं आयुष्य स्वतःला दगड समजत आली होती, बापाचे शेवटचे शब्द विसरणारी. विसरली कुठं होती? ऐकूच आले नव्हते. सगळी ताकद त्या एका ठिपक्यावर नजर टिकवण्यात गेली होती, कानांसाठी काही उरलंच नव्हतं. फळ्यासमोर उभ्या असलेल्या बाईंचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी छातीत असं काही भरधाव धावायला लागलं की त्यांनी फळ्याची कड धरली. दगड नव्हते मी. दगड नव्हते. कान झाकलेले होते फक्त, आणि झाकणारा हात माझाच होता.

मग बाईंनी एक गोष्ट केली, बाहेरून बघणाऱ्याला काहीच वाटू नये अशी. त्या वर्गाकडे वळल्या आणि त्यांनी कुणाच्याही कपाळाकडे बघितलं नाही. जमिनीवरच्या फरशांकडे बघितलं. एक करडी, एक पांढरी, कोपऱ्यातली एक बदललेली, जरा पिवळसर. "तीन चतुर्थांशातून अर्धा काढला, किती राहिला?" त्यांनी पिवळसर फरशीला विचारलं, आणि वर्ग त्यांच्या कानांत शिरला. अंगावरची जाड गोधडी कुणी ओढून काढावी तसा. पेन्सिलीची खरखर, कुणाच्या तरी पोटात झालेला गुरगुराट, आणि मागच्या बाकावरून, जिथून कधीही उत्तर येत नाही असं त्या समजत आल्या होत्या तिथून, एक पुटपुटलेला आवाज, "पाव." बरोबर! हा आवाज रोज येत असणार. "मागून कोण बोललं? बरोबर आहे," बाई फरशीला म्हणाल्या, आणि मागच्या बाकावर एवढा सन्नाटा पसरला की तोही त्यांना ऐकू आला. आता थांबवणं अवघड होतं. हे ऐकू येतंय, तेही ऐकू येतंय. त्यांना हसू फुटायला लागलं. त्यांच्या लक्षात आलं की हा वर्ग आपण केव्हापासूनच नकळत आपल्या मापाचा शिवून घेतला आहे. गुणगुणणारी ट्यूबलाईट 'मुलांचे डोळे दुखतात' म्हणून बदलून घेतली होती. बाकांच्या पायांना रबराची बुचं बसवली होती, 'फरशी खराब होते' म्हणून. एका वेळी एकानंच बोलायचं हा नियम, 'शिस्त' म्हणून. सगळी निमित्तं मुलांची आणि फरशीची, आणि सुख आपलं. आणि झाकणी, जी बाकी तासांना म्हणे टेबलाखाली जाऊन बसते, या वर्गात सगळ्यांच्या आधी तोंडीच गणितं सोडवून झाकण फिरवत बसते, ते काय उगाच?

तास संपल्यावर त्यांनी जिन्याखालच्या कोपऱ्यातून आत्याला फोन लावला. आत्या आता फार शिवत नाही, पण मशीन अजून पुढच्याच खोलीत आहे.

"आत्या, एक पोरगी म्हणाली मी भुवयांकडे बघते."

"अगं बाई! पकडलं तुला?" आत्या खदखदून हसली. "कोण गं ती? चांगली हुशार दिसतेय. तिला म्हणावं माझ्याकडे ये, फुकट फ्रॉक शिवते."

"तुला कशी सुचली होती गं ती युक्ती?"

"सुचायचं काय त्यात, कार्टे. मी आयुष्यभर लोकांच्या नाकाकडे बघत आले. भुवयांपर्यंत मला कधी जमलंच नाही. म्हटलं, तू लहान आहेस, तुला जमेल. आणि तुझा बाप तर बुटांकडेच बघायचा. लग्नात मेल्याला बायको कोणती हे तिच्या चपलांवरून कळलं असेल."

बाई हसता हसता थांबल्या. बुटांकडे बघणारा तो माणूस त्या दिवशी गुडघ्यावर बसला होता, आणि त्यानं हनुवटी धरून तिच्या डोळ्यांत बघितलं होतं. म्हणजे त्याची ताकदही त्यातच गेली असणार. आपण काय बोलतोय हे त्याला तरी धड ऐकू आलं असेल का? त्या फाटकापाशी दोघं एकमेकांसाठी केवढे झटत होते, आणि चिंध्यांत पाय खुपसून शेजारी शेजारी बसले असते तर सगळं बोलून झालं असतं. "आत्या," त्या म्हणाल्या, "कपडा माणसाला बसवायचा असतो म्हणायचीस ना? मग मला तशीच का नाही गं राहू दिलंस?" मागे कुठंतरी भांडं वाजलं. "कपडे माझ्या हातात होते, पोरी," ती म्हणाली. "शाळा नव्हती." फोन ठेवल्यावरही बाई तिथंच जिन्याखाली उभ्या राहिल्या. डोक्यावर भिंतीवरची ती माणसाएवढी अक्षरं होती. शाळा कुणाच्या हातात असते मग?

मोठ्या बाईंच्या खोलीत काचेचं टेबल, तीन खुर्च्या, खिडकीला पितळी कडी. झाकणीचा बाप आधीच येऊन बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. कामावरून तसाच आला असावा, नखांच्या कडांत वंगणाचं काळं होतं आणि ते दिसू नये म्हणून त्यानं मुठी मिटल्या होत्या. झाकणी बाहेर व्हरांड्यात बसली होती. दारातून झाकणाचा आवाज येत होता, फिरताना बारीक, पडताना मोठा. "डॉक्टरबाईंनी ऑटिझम सांगितलंय, ते मी पहिल्याच दिवशी बोललो होतो," बाप म्हणत होता. "आजार नाही म्हणाल्या त्या. घडणच तशी असते. घरी ती खूप बोलते हो. लिफ्टची सगळी मोटर तोंडपाठ आहे तिला. फक्त समोर बसवून 'बोल' म्हटलं की होत नाही." मग त्यानं आवाज खाली आणला. "आणखी किती शाळा बघायच्या आम्ही? ती आता नव्या शाळेत दप्तरातलं काही बाहेरच काढत नाही. म्हणते, परत भरावं लागतं."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मला हिचंच भलं दिसतंय. जग डोळ्यांत बघून बोलणाऱ्यांचं आहे. आज आपण लाड केले तर उद्या मुलाखतीत, नोकरीत हिचं कसं व्हायचं?" आणि त्या गणिताच्या बाईंकडे वळल्या. "दारात तुम्ही असता. तुम्ही सांगा. सराव करून हिला जमेल का? जमणार असेल तर मी ठेवायला तयार आहे."

उत्तर अगदी जिभेच्या टोकावर होतं. जमेल. एवढं एक म्हटलं की पोरगी राहिली. बापाच्या मुठी सैल होतील, मोठ्या बाई खूश होतील, आणि उद्यापासून झाकणीच्या डोळ्यांसमोर एक निळा ठिपका लागेल, जन्मभरासाठी. कुणाला कळणार नाही. बाईंनी नेहमीप्रमाणे मोठ्या बाईंच्या भुवयांच्या मधोमध नजर लावली आणि त्याच क्षणी त्यांना जाणवलं की बाहेरचं झाकण ऐकू यायचं बंद झालं आहे. ते फिरत असणार, फिरतच असणार. कान झाकले होते. बाई खुर्चीतून उठल्या, खिडकीशी गेल्या आणि पितळी कडीकडे बघत, दोघांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. घुर्रर्र. आलं ऐकू.

"जमेल," त्या कडीला म्हणाल्या. "मला जमलं, तर तिला न जमायला काय झालं."

"इकडे बघून बोला ना बाई."

"नाही बघत. बघितलं की बोलायचं राहून जातं." आवाज कापत होता, पण भीतीनं नाही, कित्येक वर्षं दाबून धरलेला नळ एकदम सोडल्यावर पाणी जसं फसफसत येतं तसं ते होतं. "मी आजपर्यंत कुणाच्याच डोळ्यांत बघितलेलं नाही. तुमच्या नाही, मुलांच्या नाही. दारात उभी राहून मी त्यांच्या भुवया बघते आणि पोरांना मात्र डोळ्यांत बघायला लावते. झाकणीला हे कळलं, तुम्हाला कुणाला कळलं नाही, इतकं मला छान जमलं. पण त्यात सगळी शक्ती जाते हो. समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. तिला सराव द्या, ती डोळ्यांत बघेल, मान ताठ ठेवेल. मग तिला गणित येणार नाही. आज ती वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे. काय ठेवायचं तेवढं सांगा, नजर की पोरगी?"

मग मोठ्या बाईंची खुर्ची करकरली. "थांबा," त्या सावकाश म्हणाल्या. "भुवया? म्हणजे तेव्हा, व्हरांड्यात, तुम्ही मला खरंच ओळखलं नव्हतं?"

"कशी ओळखणार? तुमच्या भुवया गेल्या होत्या."

पहिल्यांदा एक बारीक आवाज आला, कुणी शिंक दाबल्यासारखा, आणि मग मोठ्या बाई अशा हसत सुटल्या की काचेच्या टेबलावरचा पेला किणकिणायला लागला. लिफ्टवाल्या बापाला काही कळेना, पण तोही हसायला लागला. "आणि मी समजत होते टोमणा मारलात! काय शोभतात या भुवया या वयात, असं. मी घरी जाऊन रडले होते हो!" त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. "एवढी वर्षं मी तुमच्यावर रागावून आहे." बाई कडीकडे बघत हसत होत्या. या हसण्यात रागाची कड कुठं संपली तेसुद्धा त्यांना ऐकू आलं, आणि याचंच त्यांना जास्त अप्रूप वाटलं.

"पण दाराचं काय?" मोठ्या बाई भानावर येऊन म्हणाल्या. "ते आपल्या शाळेचं नाक आहे."

"दार राहू द्या. दारात कुणीतरी वाट बघत असावं, हे चांगलंच आहे. आलीस, बरं झालं. आलो, बरं वाटलं. दारात एवढंच तर सांगायचं असतं. ज्याला जसं सांगता येईल तसं सांगू दे."

मोठ्या बाईंनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. बापाच्या मुठी पुन्हा मिटल्या होत्या. "उद्या सकाळी दार तुमचं," त्या शेवटी म्हणाल्या. "करा काय करायचं ते. मी व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून बघते आणि मग ठरवते."

"बघू नका," बाई म्हणाल्या. "ऐका."

सकाळी बाईंनी वर्गातली खुर्ची उचलून दाराच्या आतल्या अंगाला ठेवली आणि त्या व्हरांड्याकडे पाठ करून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. टोकाला मोठ्या बाईंची साडी सळसळली. रांग आली आणि गोंधळून थबकली. "आज ज्याला जसं यायचं तसं या," बाई भिंतीला म्हणाल्या. "फक्त आलात एवढं मला कळू दे." क्षणभर कुणी पुढे होईना. मग शाळेतला सगळ्यात वटवट्या पोरगा खुर्चीला वळसा घालून समोर आला, बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून खणखणीत 'सुप्रभात' म्हणाला आणि ऐटीत आत गेला. त्याला ते आवडायचंच, बिचाऱ्याला. दुसरीनं दाराच्या चौकटीवर टकटक केली. कुणी शीळ घातली, कुणी बाईंच्या खांद्याला कोपर लावून गेलं, कुणी एका पायावर उड्या मारत उंबरा ओलांडला. वर्गाची मॉनिटर, जिला पाहुण्यांसमोर नेहमी सगळ्यांत पुढे उभं करायचे, ती शेजारी येऊन थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी डोळे मिटून जाऊ?" "जा की," बाई म्हणाल्या. तिनं सोडलेला श्वास इतका लांब होता की बाईंचं काळीज हललं. हिलासुद्धा? सगळ्यांत शहाण्या मुलीलासुद्धा? मागच्या बाकावरच्यानं तर नुसतं "पाव" म्हटलं आणि पळाला. अख्खा वर्ग हसला आणि बाईही.

सर्वांत शेवटी भिंतीला खांदा घासत येणारी पावलं आली. दारापाशी थांबली. बाईंनी मान वळवली नाही. व्हरांड्याच्या टोकालाही सामसूम झाली होती. दप्तर खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग उंबऱ्यावर, फरशीवर, झाकण फिरलं. आधी नुसतीच एक बारीक सुरेल रेघ, मग घुर्रर्र, मग कलंडत कलंडत जलद, अजून जलद, खणणण, आणि शांत. संपेपर्यंत दोघीही हलल्या नाहीत. मग दप्तराची चेन उघडल्याचा आवाज आला. वही बाहेर निघाली, मागून पेन्सिलीची डबी, मग डबा, एकेक करून सगळं. बाईंना भिंत दिसेनाशी झाली. टोकाकडून मोठ्या बाई खाकरल्या, आणि त्यांची पावलं वळून ऑफिसकडे निघाली, सावकाश, आता ठरवायचं काही उरलं नसल्यासारखी.

"आज तुम्हाला ऐकू आलं," पाठीमागून झाकणी म्हणाली.

"आलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग आता गणित सुरू करा," ती म्हणाली, आणि आपलं सामान छातीशी धरून जागेवर जाऊन बसली.